डूला आणि सुईण यांत फरक आहे

‘डूला म्हणजे इंग्रजी थाटाची सुईणच’ हे या चर्चेत मांडले गेलेले मत मला पटले नाही. सुईण बाळंतपण करते, नाळ कापते. डूला ही बाळंतपणात बाईला सोबत आणि धीर देणारी मदतनीस; ती आतून तपासणी करीत नाही, औषध देत नाही आणि डॉक्टरांच्या निर्णयातही पडत नाही. कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत ती त्या बाईजवळ थांबते, कंबर चोळते, कूस बदलायला किंवा चार पावले चालायला सुचवते. हे काम किरकोळ वाटेल, परंतु २०१७च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक वैद्यकीय अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा आढावा), ज्यात पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश होता, अशी सलग सोबत मिळालेल्यांमध्ये सिझेरियनचे प्रमाण कमी आढळले.

डूला खर्चिक पडते, हा चर्चेतला आक्षेप मात्र मान्य. सर्वांना डूला परवडणार नाही. पण २०१६मध्ये केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एका स्त्री नातेवाइकाला, तिने स्वतः बाळंतपण अनुभवलेले असावे या अपेक्षेने, सोबत राहण्याची मुभा दिली आहे, हे येथे कोणी लिहिलेले दिसले नाही. खासगीत प्रत्येकाचा नियम वेगळा. माझ्या भाचीच्या वेळी बोरिवलीच्या एका प्रसूतिगृहाने ऐन कळांमध्ये ‘नवरा किंवा डूला, एकच आत’ असे सांगितले आणि जावयांनी रात्र बाहेरच्या बाकावर काढली (त्यांना त्याचे फारसे दुःख झालेले दिसले नाही!). तेव्हा सातव्या महिन्यातच रुग्णालयाला विचारून घ्यावे, आणि शक्यतो लेखी.