थेंबातले प्रतिबिंब आणि पांढरट बर्फ

प्रश्न : नाशिकच्या थंडीत सकाळी गच्चीवरच्या अळूच्या पानावरील थेंब कॅमेऱ्याने टिपताना त्याची कड रेखीव येते, परंतु मागे ठेवलेल्या शेवंतीचे आतले प्रतिबिंब धूसर राहते. घरचा बर्फही मध्यभागी पांढरट दिसतो. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : गोल थेंब बहिर्गोल भिंगाचे काम करतो आणि फुलाची उलटी प्रतिमा थेंबावर नव्हे, तर त्याच्या किंचित पुढे, कॅमेऱ्याच्या बाजूला तयार होते, म्हणून ऑटोफोकस बंद करून तिथेच फोकस साधावा. भिंगाचे छिद्र (ॲपर्चर) एफ/११ इतके लहान ठेवल्यास कडही बऱ्यापैकी सांभाळली जाते. ट्रायपॉड मात्र हवाच.

उत्तर २ : पाणी चहूबाजूंनी गोठते तेव्हा त्यात विरघळलेली हवा मध्यभागी कोंडते. थर्माकोलच्या उघड्या डब्यात ते वरून खाली गोठते. तळ गोठण्यापूर्वी काढलेला वरचा थर नितळ मिळतो.

प्रश्नकर्ता : दोघांचेही मनःपूर्वक आभार. आज रात्रीच डबा फ्रीझरमध्ये ठेवतो.