पाद्रीबाबांचे सहा पेन्स आणि 1795 चा हिवाळा

जुनी वही : नॉरफोकमधील वेस्टन लाँगव्हिलचे पाद्री जेम्स वुडफर्ड दर 21 डिसेंबरला, संत थॉमसच्या दिवशी, गावातील गरिबांना माणशी सहा पेन्स देत, तरीही 1795 मध्ये इंग्लंडभर धान्यासाठी दंगे झाले, म्हणजे गरीब कृतघ्न, असे काल येथे एका सदस्याने लिहिले. ते वाचून गप्प बसवेना. 1795 चा जानेवारी मध्य इंग्लंडच्या 1659 पासूनच्या तापमान-नोंदींतील सर्वांत थंड, सरासरी उणे 3.1 अंश सेल्सिअसचा. खाटेखालच्या भांड्यातले मूत्रही गोठल्याची नोंद वुडफर्ड आपल्या रोजनिशीत करतात. पण ज्याच्या घरी सरपणच नाही त्याच्या खाटेखाली काय गोठले असेल, हे त्यांना सुचत नाही. शेतकरी दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा चर्चला द्यायचा दहावा हिस्सा, भरायला आले की हेच गृहस्थ त्यांना मांस आणि मद्याची मेजवानी देत. मजुराला आठवड्याला जेमतेम आठ-नऊ शिलिंग (शिलिंग म्हणजे बारा पेन्स) मिळत, त्याला वर्षातून एकदा सहा पेन्स!

उंबरठा : त्यांनी दिले तेवढे तरी दिले, आपण काय देता? युद्ध फ्रान्सशी चालले होते, पीक बुडाले होते, यात पाद्र्याचा दोष कोणता? शिवाय बार्लीची भाकरी खा असे सगळे सांगत असताना मजुरांना पांढरा गव्हाचा पावच हवा होता, आणि वर चहा-साखर. धान्याच्या गाड्या अडवून कोणाचे पोट भरते?

कोरा चहा : चहाचे नाव काढलेत म्हणून लिहिते. बर्कशरमधील बार्कमचे रेक्टर डेव्हिड डेव्हिस हेही खेड्यातले पाद्रीच, पण त्यांनी आपल्या गावातील मजुरांच्या घरखर्चाचा हिशेब मांडला आणि तो 1795 मध्येच छापला. गावाचे सामाईक गायरान जमीनदारांच्या कुंपणात गेले, गाय गेली, दूध गेले. माल्टवरील, म्हणजे बिअरसाठी मोड आणून वाळवलेल्या बार्लीवरील, करामुळे घरची बिअरही परवडेना. उरले ते विहिरीचे पाणी आणि त्यात चार पत्ती. माझी आजी 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला जात असे. म्हैस विकली गेली होती, रेशनवर लाल मिलो मिळत होती, आणि दुपारी गुळाचा कोरा चहा घेतला की मुकादमाची बायको म्हणे, "यांना चहाचीही चैन लागते." आपले वाक्य वाचून तीच बाई आठवली.

उंबरठा : आजीला मध्ये आणून वाद जिंकायची ही रीत मला मान्य नाही. बरे, चहाचे विधान मागे घेतो. डेव्हिस मी वाचलेले नाहीत. पण दंग्यांचे समर्थन अजूनही करवत नाही.

जुनी वही : दंगे म्हणजे लूटच असे का धरून चालता? बऱ्याच ठिकाणी जमावाने गाडी अडवली, स्वतः वाजवी भाव ठरवून धान्य विकले आणि पैसे मालकाच्या हाती दिले; त्यात बायका पुढे होत्या. 1795 च्याच मे महिन्यात बर्कशरच्या न्यायाधीशांनी स्पीनहॅमलँड येथे गरिबांसाठी पावाच्या भावाशी जोडलेली मदत ठरवली, ती काही सहा पेन्सने मन द्रवल्यामुळे नव्हे. पुढे खासदार व्हिटब्रेडने किमान मजुरीचे विधेयक आणले, तेव्हा पंतप्रधान पिट यांनी विरोध केला आणि ते पडले.

उंबरठा : आणि मदत पॅरिशकडून, म्हणजे गावच्या चर्च-हद्दीच्या करातून, मिळते म्हटल्यावर शेतकऱ्याने मजुरी वाढवायची कशाला? ती योजनाही शेवटी मालकाच्याच पथ्यावर पडली.

कोरा चहा : हे मात्र खरे बोललात. एकदा तरी.