'टेंपर' करणे म्हणजे कडक करणे की नरम करणे?

पऱ्हाटीची वही
बचत गटासाठी शेतीच्या हातअवजारांवरची एक इंग्रजी पुस्तिका मराठीत करते आहे. त्यात वाक्य आहे की पात्याला आधी 'हार्डन' करा, मग 'टेंपर'. मी लिहिले, 'पाते कडक करून मग त्याला पाणी द्यावे.' गावातल्या खातीकाकांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "ताई, पानी देल्लं तवाच तं ते कडक झालं. आता अजून कायचं पानी?"

मग त्यांनी कुऱ्हाड घेऊन दाखवले. पाते लाल केले आणि सांडशीने धरून फक्त धारेकडची दोन बोटे पाण्यात बुडवली. बाहेर काढून विटेच्या तुकड्याने घासून ती पांढरी केली आणि भाता थांबवून बघत राहिले. वरच्या भागातली गरमी खाली येऊ लागली तसा लोखंडावर रंग सरकत आला. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मागून जांभळा. जांभळा धारेपाशी टेकतो न टेकतो तोच अख्खी कुऱ्हाड पाण्यात. मधल्या त्या थांबण्याला काय म्हणता, असे विचारले तर म्हणाले, "काही नाही म्हनत. ताव उतरू द्याचा."

त्या थांबण्याला मराठी शब्द हवा आहे. शिवाय त्याच पुस्तिकेच्या सुरुवातीला 'अपेक्षा टेंपर करा' असेही आहे. तिथे काय लिहू?

फिटर, दारव्हा
आयटीआयत बावीस वर्षे शिकवले. खातीकाका अगदी बरोबर आहेत. लाल पोलाद पाण्यात विझवले की ते काचेसारखे ठिसूळ होते, दगडावर आपटले तर तुकडा उडतो. ते पुन्हा तापवायचे, धारेच्या अवजारांना साधारण 200 ते 300 अंश सेल्सिअस. कडकपणा थोडा जातो, चिवटपणा येतो. स्प्रिंगला आणखी वर न्यावे लागते. म्हणजे टेंपर करणे हे नरम करण्याकडेच जाते. आम्ही पोरांना 'टेंपर करणे' असेच शिकवले. तेच लिहा, सगळ्यांना कळते.

मूळशोध
सगळ्यांना कळते म्हणून लिहायचे ठरवले तर मराठीत क्रियापदे उरणार नाहीत. सुश्रुतसंहितेत शस्त्रांच्या 'पायने'चे तीन प्रकार दिले आहेत: क्षार, पाणी आणि तेल. हाड कापायचे शस्त्र क्षारात, मांस कापायचे पाण्यात, शीर वेधायचे तेलात. पायना म्हणजे पाजणे. आपले 'पाणी पाजणे' तिथलेच. 'पायना करावी' असे लिहा.

फिटर, दारव्हा
पण तेही विझवणेच झाले ना? ताईंचा प्रश्न त्याच्या पुढच्या पायरीचा आहे.

वखरपास
पाजवनं आमच्याकडे रोजचं हाय. सोयाबीन सोंगाच्या आधी बुडा सांगे, 'इळे पाजवून आन'. पन त्याचा अर्थ धार लावनं. पानी नाही अन् पिवळा-जांभळा रंगबी नाही. 'पायना' म्हनलं तं माही माय म्हनन, कोनाले पाजतं बावा?

मूळशोध
तुमचे 'पाजवणे' हीच पायनेची नात आहे, हे माझे ठाम मत. आधी पाणी पाजणे, मग धार लावणे, नंतर पहिला अर्थ गळून पडला. आणि लोखंडाचे ज्ञान इकडे उसने आलेले नाही. नागपूर जिल्ह्यात नैकुंडला महापाषाणयुगातली लोखंड गाळायची भट्टी उत्खननात सापडली आहे.

अकोटची आत्या
भट्टी सापडली म्हणून शब्द सापडला असे होत नाही, दादा. फारसीतही 'आब देणे' म्हणजे पोलादाला पाणी देणे. आब म्हणजे पाणी, आणि तलवारीचे तेजही. आपण 'आब राखतो', 'पाणीदार' माणूस म्हणतो, कुणाचे 'पाणी जोखतो'. हे फारसीतून आलेले नाही, असे कशावरून?

मूळशोध
सुश्रुत फारसीच्या संपर्काआधीचा आहे, एवढे पुरे नाही का?

अकोटची आत्या
पायना जुनी आहे हे मान्यच. पण 'पाणीदार'मधला 'दार' कुठला, तेवढे सांगा.

चुलीपाशी
मला वेगळाच गोंधळ आठवला. पाककृतींच्या इंग्रजी पुस्तकात 'टेंपरिंग' वाचून मी सुनेला म्हटले, हे काय, डाळ तापवून थंड करायची? ती म्हणाली, आई, ती फोडणी आहे. पोर्तुगीजमध्ये 'तेंपेरार' म्हणजे मसाला लावणे, चव आणणे. लोखंड नरम करणे आणि जिरे तडतडवणे एका शब्दात कसे बसते?

फिटर, दारव्हा
मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ योग्य प्रमाणात मिसळणे. कुंभार मातीत राख, लीद घालतो त्यालाही इंग्रजीत टेंपरच म्हणतात. माणसाचा 'टेंपर' म्हणजे आधी शरीरातल्या चार रसांचे मिश्रण, त्यावरून स्वभाव. तोल गेला की 'टेंपर' गेला. पुढे रागालाच तो शब्द चिकटला.

वखरपास
म्हंजे टेंपर गेला तरी राग, अन् टेंपर असला तरी राग. आपला 'ताव' चांगला मंग. लोखंडाले ताव देतो, मिशीले ताव देतो, मानूस तावातावानं बोलते. खातीकाकानं ताव उतरवनं म्हनलं, तेच लिहा ना ताई.

पऱ्हाटीची वही
मलाही तेच पटते. कुऱ्हाडीसाठी 'विझवल्यावर ताव उतरू द्यावा, रंग बघत राहावे' असे लिहिले. खातीकाकांनी मान डोलावली. पण अपेक्षांचा ताव उतरवा म्हटले की बाया म्हणतील, आमच्यावर काऊन चिडल्या?

अकोटची आत्या
'अपेक्षांना आवर घाला' म्हणा.

मूळशोध
आवर म्हणजे थांबवणे. इथे थांबवायचे नाही, चिवट करायचे आहे. आत्ताच फिटरसाहेबांनी तोच तर फरक सांगितला.

चुलीपाशी
'बेताने धरा'?

फिटर, दारव्हा
'बेत'मध्ये प्रमाण येते. मिसळण्याचा अर्थही त्याच्या जवळ आहे. पण लोखंड पार निघून गेले.

वखरपास
एक इचारू? कागदाचा ताव, चोवीस तावाचा दस्ता, हा कोठचा? तो तं गरम नसते.

मूळशोध
तो वेगळा ताव. जेवणावर मारतो तो मात्र याच भट्टीतला असावा, भूक म्हणजे आगच.

अकोटची आत्या
असावा म्हणजे काय दादा, आधार द्या. आमच्याकडे तर ताव मारणे म्हणजे एका बैठकीत संपवणे, त्यात आग कुठून आली?