शब्दचर्चा : शिलारस, लाव्हा, लाव्हारस

मैथिली_क
भाचीच्या भूगोलाच्या वहीत वाक्य आहे : ‘पृथ्वीच्या पोटात लाव्हारस उकळत असतो.’ दुसऱ्या पानावर त्यालाच शिलारस म्हटलंय, आणि व्हिडिओत मॅग्मा. तिन्ही एकच का? आणि ‘उकळत’ चालेल?

गावकूस
आत आहे तोवर शिलारस, म्हणजेच मॅग्मा. बाहेर पडला की लाव्हा. ‘लाव्हारस’मधला रस उगाच चिकटलाय, पण आता तो काही सुटायचा नाही.

खलबत्ता
आमच्या काष्ठौषधीच्या धंद्यात शिलारस मागितला तर गिऱ्हाइकाला चिकट, सुवासिक डिंक मिळतो. झाडाच्या सालीतून निघतो, धुपात आणि औषधी तेलांत घालतात. हा अर्थ ज्वालामुखीवाल्या अर्थाच्या कितीतरी आधीचा. मजा म्हणजे मॅग्माही आमच्याच दुकानातला : मूळ ग्रीक शब्द मळण्यावरून आलेला, अर्थ दाट लेप. अमेरिकी औषधकोशात मिल्क ऑफ मॅग्नेशियाचं नाव मॅग्नेशिया मॅग्मा असंच होतं.

काळाकातळ
मैथिलीताई, इथे नामापेक्षा क्रियापदच जास्त घोटाळा करतंय. ‘उकळत असतो’ म्हटलं की पायाखाली रसाचा समुद्र आणि ज्वालामुखी म्हणजे त्याला पडलेलं भोक, असं चित्र उभं राहतं. भूकवचाखालचं प्रावरण सुमारे २९०० किमी खोलीपर्यंत जातं आणि ते जवळपास सगळं घन आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत. प्रावरणातून त्या खुशाल जातात, अडतात थेट बाह्य गाभ्यापाशी. तो द्रव आहे खरा, पण मुख्यतः लोखंड-निकेलचा, आणि ज्वालामुखीतून बाहेर येतो तो हा नव्हे.

तेव्हा शिलारस ‘असतो’ यापेक्षा ‘तयार होतो’ हे बरं. तोही सगळीकडे नाही, ठरावीक जागीच. आणि त्यासाठी बहुतेक वेळा जादा आच लागतच नाही! खालचा खडक तापलेला असतोच, वरचा दाब त्याला वितळू देत नाही. प्रावरणाचा कोरडा खडक जमिनीवरच्या दाबाला साधारण ११०० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळू लागतो. १०० किमी खाली त्यालाच १४०० अंशांच्या वर तापमान लागतं. आता हाच खडक घन असतानाच, वर्षाला काही सेंटिमीटर अशा गतीने वर सरकू लागला, की त्याची उष्णता फारशी कमी होत नाही, दाब मात्र हटत जातो. मग तो वितळतो. महासागरांच्या तळाशी ज्या पर्वतरांगा आहेत, त्यांच्याखाली हे अखंड चालू आहे. आपला दख्खनचा काळा पाषाणही मुख्यतः असाच जन्मला, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. जे तप्तस्थळ, म्हणजे खोलातून तापलेला खडक वर येत राहतो ती जागा, आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, त्याच्यावरून तेव्हा भारत सरकत होता. त्या लाव्ह्याचे थर झिजूनझिजूनही आज सुमारे ५ लाख चौरस किमीवर पसरलेत.

दुसरी तऱ्हा पाण्याची. अंदमानच्या पूर्वेला बॅरन बेटावर ज्वालामुखी आहे. १७८७ मध्ये धुमसताना त्याची नोंद झाली, पुढे सुमारे दीडशे वर्षं गप्प राहून १९९१ मध्ये तो पुन्हा जागा झाला. तिथे भारताकडचा समुद्रतळ शेजारच्या भूपट्टाखाली (पृथ्वीच्या कठीण वरच्या थराच्या सरकत्या तुकड्याखाली) घुसतो. त्या तळाच्या खनिजांत बांधलेलं पाणी साधारण १०० किमी खोलीवर पिळून निघतं, वरच्या तापलेल्या खडकात शिरतं आणि त्याचा वितळबिंदू शेकडो अंशांनी खाली आणतं. पॉट आइस्क्रीम करताना बर्फात खडेमीठ टाकलं की बर्फ शून्याखालीच वितळू लागतो, तोच प्रकार.

तिसरी तऱ्हा सोपी : वर आलेला गरम रस भूकवचात अडकतो आणि आजूबाजूच्या खडकाला वितळवतो.

गावकूस
म्हणजे अख्खा खडकच रस होतो?

काळाकातळ
छे. ‘दगडाला पाझर फुटणे’ हा वाक्प्रचार इथे शब्दशः लागू आहे. खडक म्हणजे निरनिराळ्या खनिजांचे दाणे. त्यातला लवकर वितळणारा भाग आधी सुटतो. दख्खनसारख्या बेसाल्टसाठी प्रावरणातल्या खडकाचा पाचवा हिस्सा वितळला तरी पुष्कळ झालं. तो दाण्यांच्या फटींतून पाझरतो, घन खडकापेक्षा हलका असल्याने वर निघतो, वाटेत साठतो. बाकीचा खडक खालीच राहतो. म्हणून हिरवट, जड खडकातून काळा बेसाल्ट मिळतो. पुस्तकात याला ‘आंशिक वितळण’ म्हणतात. शब्द बिनचूक आहे, पण मला विचाराल तर वर्गात ‘पाझर’च म्हणावं.

मैथिली_क
आणि पाण्यामुळे खडक ‘वितळतो’ की ‘विरघळतो’? भाची दुसरं म्हणते. तिचं म्हणणं, पाणी आहे ना मग.

खलबत्ता
घरात आपण ‘तूप विरघळलं’ही म्हणतोच, तिला फार रागावू नका.

काळाकातळ
बोलण्यात चालतं, इथे नको. साखर पाण्यात विरघळते, त्याला द्रावक लागतो. इथे खडकच द्रव होतोय, म्हणून वितळतो. पण ‘विरघळणे’ तिला वापरायचंच असेल तर नेमकी जागा आहे : शिलारसात पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड दाबाखाली विरघळलेले असतात. वर येताना दाब उतरला की ते बुडबुडे होऊन सुटतात. म्हणून लाव्हा म्हणजे नुसता ‘बाहेर आलेला शिलारस’ नाही. बराचसा वायू गमावलेला शिलारस आहे. गावकूस, तुमच्या व्याख्येत एवढी भर घाला. सह्याद्रीत घाटातल्या कापलेल्या दरडीजवळ थांबलात तर काही थरांच्या वरच्या भागात वाटाण्याएवढी, कुठे बोराएवढी भोकं दिसतील. ते थिजून बसलेले बुडबुडे. पुढे पाणी झिरपून त्यांत पांढरी, गुलाबी, हिरवट खनिजं भरली. पुणे, नाशिक, जळगावकडचे झिओलाइटचे सुंदर स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत गेलेत ते अशाच पोकळ्यांतले.

मैथिली_क
मग वाक्य असं करते : ‘पृथ्वीच्या पोटात काही ठिकाणी खडक वितळून शिलारस तयार होतो.’ ‘उकळत’ काढलं. भाची म्हणते, आता मजा गेली.

खलबत्ता
जाता जाता, शिलाजीतही याच कुळातलं का? तेही खडकातूनच पाझरतं म्हणतात.

काळाकातळ
नाही हो. ते हिमालयात उन्हाळ्यात कड्यांच्या फटींतून निघतं, पण त्यात मुख्यतः कुजलेल्या वनस्पतींचा अंश असतो. तिथे खडक काही वितळलेला नसतो.