पाचवीतल्या नातीला कोडं घालायचंय, पण कसलं?

रामबागचे आजोबा (इंदूर):
नात सुट्टीला आली आहे. सकाळी पोहे-जिलेबी झाली की "आबा, कोडं घाला". माझा जन्म खतावण्यांत गेला, त्यामुळे माझं कोडं म्हणजे मोठा गुणाकार. परवा ३७८ गुणिले ४६ घातलं, तर म्हणते, "हे कोडं कुठाय, हा तर गृहपाठ!" विकतच्या पुस्तकांत एक तर चित्रांतला फरक ओळखा, नाहीतर एकदम क्ष आणि य. मधलं काही आहे का?

देवासच्या बाई:
काका, पोह्यांवरच घाला ना. पोह्यांची प्लेट २५ रुपये, जिलेबीची २०. दोन्ही घेतलं आणि बरोबर २०० झाले, तर कशाच्या किती प्लेटा? (४ आणि ५. हे पोरं चटकन काढतात.) गंमत पुढे आहे. पाचाच्या पटीतली कुठली रक्कम बरोबर संपवताच येत नाही? ५, १०, १५ लगेच सांगतात, ३० आणि ३५ जरा थांबून. ५५ हमखास राहून जातं. मग विचारा, याच्यापुढे आणखी एखादी असेल? ६०, ६५, ७०, ७५ जमली की झालं, पुढे नुसती जिलेबी वाढवत जायचं. पण हे तुम्ही सांगू नका हो! माझ्या वर्गात एकाला तीन दिवस लागले, नंतर तो शाळाभर सांगत सुटला.

जुनी वही:
देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचं १९४९ सालचं ६१७४ घ्या. चार अंकी संख्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरते लावा, मग चढते, वजा करा, उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घेतलं तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. कुठूनही सुरू करा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतंच. वजाबाकीचा सराव होतो आणि पोरांना पत्ताही लागत नाही.

रामबागचे आजोबा:
बाई, ५५ वर कालपासून अडून बसली आहे, मी गप्प आहे.
वहीवाले, शून्याचं आधी सांगायचंत की! तिनं नेमकं २१११ घेतलं. ९९९ आलं, त्यातून ९९९ गेले, उरलं शून्य. "आबा, तुमचे मास्तर चुकले." क्षणभर मीही गडबडलो. मग ०९९९ लिहून पाहिलं, तर पाचव्या वजाबाकीला ६१७४ हजर. आता तीन अंकांचं काय होतं म्हणून वही घेऊन बसली आहे. पोहे गार झाले.