मदत हवी आहे: 'फॉर्म'चं 'फ्रॉम' होतं आणि कॉम्प्युटर चकार शब्द काढत नाही

नमस्कार मंडळी. राहायला ठाणे पूर्वेला, नोकरी ऐरोलीला. दहावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजी वाचतो, अडखळत बोलतोही. घोळ होतो तो मेल लिहिताना, आणि दरवेळी एकाच जातीचा.

मागच्या आठवड्यात बंद पडलेल्या मशीनचा अहवाल पाठवला. मथळा हवा होता 'कॉझल ॲनालिसिस', म्हणजे बिघाडाच्या कारणांचा शोध. गेला 'कॅज्युअल ॲनालिसिस'. ग्राहकाचं उत्तर आलं, "वाचून आम्हालाही तसंच वाटलं." साहेबांनी ते अख्ख्या टीमला पुढे ढकललं. तेव्हापासून मी रजा मागितली की शेजारचा विचारतो, कॅज्युअल की कॉझल?

दोन्ही शब्दांत अक्षरं तीच. सी, ए, मग यू-एस की एस-यू, एवढाच फरक. दोन्ही डिक्शनरीत असल्यामुळे लाल रेघही येत नाही. 'फॉर्म' आणि 'फ्रॉम'चं तेच. शांत या अर्थाचा 'क्वाएट' आणि 'बऱ्यापैकी' या अर्थाचा 'क्वाइट', तेही तसंच. असे आणखी कुठले शब्द आहेत, अर्थासकट सांगाल का? आणि ते डोक्यात पक्के बसवायचे कसे? क्लास लावा असं कृपया सांगू नका, घरी पोचायला साडेआठ होतात.

तुर्भेकर:
आधी मलमपट्टी. वर्डमध्ये 'रीड अलाउड' आहे, कानाला हेडफोन लावून मेल ऐका. डोळा शब्दाचं तोंड आणि शेपूट बघून पुढे सरकतो, मधली अदलाबदल त्याला दिसत नाही. कान फसत नाही, कारण उच्चार वेगळे आहेत. दुसरं म्हणजे, पाठवण्याआधी कंट्रोल-एफ दाबून 'फ्रॉम' शोधायचं आणि प्रत्येक ठिकाणी नजर टाकायची. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. माझ्याकडून एकदा दोन खाती 'युनायटेड' म्हणजे एकत्र केली असं लिहायचं ते 'अनटाइड', म्हणजे सोडवली, असं गेलं होतं. अक्षरं सहाच्या सहा तीच, अर्थ बरोबर उलटा. आता 'युनायटेड' लिहिताना आधी 'युनिट' दिसतंय का ते बघतो.

निवृत्त शिक्षिका, वाशी:
लांब यादी मागू नका. सारखे दिसणारे दोन शब्द एका दमात पाठ केले की पुढे कुठला कुठला हेच कळेनासं होतं. वर्गात हे मी फार पाहिलंय, आणि सुरुवातीची काही वर्षं ती चूक मीच करत होते. जोडीतला एकच पक्का करा, दुसरा आपोआप 'तो नव्हे तो' होतो.

पक्का करायला खुंटी लागते. 'कॉझल'मध्ये 'कॉझ' म्हणजे कारण, त्याची पहिली चार अक्षरं सी-ए-यू-एस. ती दिसली की कारणाची गोष्ट. 'डायरी' आणि 'डेअरी'त मुलं हमखास गडबडायची. डायरी लॅटिनमधल्या दिवसाच्या शब्दावरून आली आणि तो आपल्या 'दिवस'चा लांबचा भाऊबंद. म्हणून दिवसातला 'दि', डी-आय, आधी. उरली ती दुधाची.

'मार्शल' म्हणजे युद्धाचं, 'मॅरिटल' म्हणजे वैवाहिक. अक्षरं तीच. एका पालकांनी फॉर्मवर 'मॅरिटल स्टेटस'खाली काही न भरता 'मार्शल' असं वाचून मला विचारलं होतं, "बाई, आम्ही काही मिलिटरीत नाही, काय लिहू?" मार्शल आलाय मार्स या रोमन युद्धदेवावरून, म्हणजे आपला मंगळ. मार्च महिनाही त्याचाच, म्हणून दोन्हींची सुरुवात एम-ए-आर. पण मॅरिटलचीही तीच! तेव्हा पुढचं अक्षर बघा: मार्शलला लगेच टी, मॅरिटलला आय. (मंगळ लग्नात आडवा येतोच, तर इथे का सोडेल.)

खाडीकिनारी:
व्हॉट्सॲपवरचं 'लिसन आणि सायलेंटची अक्षरं एकच' हे सुविचार म्हणून फिरतं, तेवढं इथे नको. पण त्याच सहा अक्षरांत 'एनलिस्ट' आहे, म्हणजे सैन्यात किंवा यादीत नाव घालणं. 'टिन्सेल' आहे, दिवाळीत लावतो ती चमकी, मूळ अर्थ ठिणगी. आणि 'इनलेट्स' आहे, जमिनीत शिरलेले खाडीचे फाटे. ठाण्याहून ऐरोलीला जाताना गाडी खाडी ओलांडते तेव्हा आठवा.

मला सगळ्यांत आवडतो तो त्रिकूट: 'एंजल' देवदूत, 'अँगल' कोन, आणि 'ग्लीन'. अँगलचा दुसरा अर्थ गळ टाकून मासे धरणं. ग्लीन म्हणजे कापणी झाल्यावर शेतात पडलेली कणसं वेचणं. आमच्या आजीचा शब्द 'सरवा वेचणं', हुबेहूब तेच. इथून-तिथून माहिती गोळा करण्यालाही इंग्रजीत ग्लीन म्हणतात. पायवाट ती 'ट्रेल', येऊरला असते. खटला तो 'ट्रायल', कोर्टात.

मराठीतही असतं की. 'मगर' उलटसुलट केली की 'गरम', 'कळस'चा 'सकळ'. काना वेगळा मोजलात तर 'नवरा' आणि 'वानर' एकाच साच्यातले.

धागाकर्ता:
सर्वांचे आभार. काल संध्याकाळी रीड अलाउड लावलं, मेलच्या तिसऱ्याच ओळीत बाई 'फ्रॉम इज अटॅच्ड' म्हणाली. वाचला. शिक्षिकाबाई, तुमच्या म्हणण्याप्रमाणे फक्त 'कॉझल' घेतलाय या आठवड्यात, बाकी बंद. खाडीकिनारी, तुमचा शेवटचा प्रतिसाद बायकोने माझ्या खांद्यावरून वाचला. जेवायला हाक मारताना तिने आज पहिला शब्द वापरला की दुसरा, ते सांगत नाही.