पीएस५ की पीसी? १६ जीबीचं कोडं

कोपरखैरणेकर:
मुलगा दहावीतून सुटलाय, त्याला पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडायचा गेमिंग कन्सोल) हवाय. बजेट साठ हजार. वाशीतला एक दुकानदार म्हणाला, "यातही १६ जीबी, तुमच्या पीसीतही १६ जीबी, मग पीसीला जास्त पैसे कशाला?" हे कितपत खरं?

घोडबंदरवाला:
त्या १६ मध्येच गोची आहे. पीसीत रॅम वेगळी, ग्राफिक्स कार्डाची मेमरी वेगळी. पीएस५ मध्ये एकच १६ जीबी, त्याच ताटात प्रोसेसरही जेवतो आणि ग्राफिक्सही. फक्त ती जीडीडीआर६ आहे, म्हणजे ग्राफिक्स कार्डांतली वेगवान मेमरी; सेकंदाला ४४८ जीबी डेटा वाहते. पीसीतल्या साध्या रॅमच्या, डीडीआर४-३२०० च्या, दोन स्टिक मिळून जेमतेम ५१.

पीएस५ चा प्रोसेसर एएमडी कंपनीचा, झेन २ रचनेचा, आठ कोर. पीसीतल्या रायझन ३७००एक्स प्रोसेसरचा धाकटा भाऊ समजा, एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) मात्र ३२ ऐवजी ८ एमबी. ग्राफिक्सला जवळचं कार्ड एएमडीचंच आरएक्स ६७००; दोघांतही ३६ कम्प्युट युनिट (ग्राफिक्सची आकडेमोड करणारे गट). एवढं सगळं नव्या पीसीत घालायचं तर साठात बसवताना घाम फुटेल.

आमच्याकडे कासारवडवलीला मेट्रोच्या कामाची धूळ. पीएस५ ची पांढरी झाकणं काढली की आत धूळ साठायची दोन भोकं दिसतात. व्हॅक्यूम लावला तर गोधडीतल्या कापसासारखा राखाडी बोळा निघाला! तेवढं घरी करा, पण हीटसिंकला (चिपची उष्णता खेचणाऱ्या धातूच्या भागाला) हात लावू नका. चिप आणि हीटसिंकच्या मध्ये पीसीसारखी थर्मल पेस्ट नसते, लिक्विड मेटल म्हणजे पातळ धातू असतो, त्यातून वीज वाहते. मित्राचा पीएस५ एका रिपेअरवाल्याने उघडला, थेंब बोर्डवर ओघळला. मशीन गेलं ते गेलंच.

नेरुळची_ताई:
ऑनलाइन खेळायचं तर बऱ्याच गेमना पीएस प्लस या सोनीच्या सेवेची वर्गणी लागते, तीही बजेटमध्ये धरा. आणि अकरावीत कोडिंग घेतलं तर ते काय कंट्रोलरवर करणार?

कोपरखैरणेकर:
घरी २०१७ चा पीसी आहे, इंटेलच्या सातव्या पिढीच्या आय५ प्रोसेसरचा. त्यातच ते आरएक्स ६७०० कार्ड टाकलं तर?

घोडबंदरवाला:
चार कोर, चारच थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). पीएस५ मध्ये सोळा थ्रेड. नवे गेम कार्डावर नाही, प्रोसेसरवर अडकतील. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) किती वॅटचा आहे? कॅबिनेट उघडून लेबल बघा.

कोपरखैरणेकर:
४५० लिहिलंय. आत झुरळांची अंडीपण आहेत.

घोडबंदरवाला:
त्या कार्डाला ४५० तोकडा पडेल. पीएस५ घ्या, आय५ अभ्यासाला ठेवा. आणि नवं मशीन त्या टेबलावर ठेवायच्या आधी पेस्ट कंट्रोल करून घ्या, झुरळांना गरम जागा फार आवडते.